करंटची तपासणी: एनसीव्ही आणि ईएमजीला जाताना काय माहीत असावं

"करंट द्यायलाव का ओ म्याडम, का मारायलाव?"

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अक्कांनी पहिल्याच झटक्याला मला हे विचारलं होतं. त्यांचा अंगठा टुणकन उडाला होता, आणि आपण न हलवता आपलं बोट हलतं हे पाहून त्या घाबरल्या होत्या. गेली बारा वर्षं मी इथे नसा आणि स्नायू तपासायच्या या मशीनवर टेक्निशियन म्हणून बसते. विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार, शुगरवाले, उसाच्या फडातून आलेले, गाडीवरून पडलेले असे सगळे येतात. बहुतेकांच्या चिठ्ठीवर नुसतं 'एनसीव्ही' लिहिलेलं असतं. करंट घेतला की नस मोकळी होते, असं निम्म्यांना वाटत असतं. तसं काही होत नाही. ही तपासणी आहे, उपचार नाही. आणि हे मशीन विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतं. प्रश्न मोघम असला तर पैसे जातात, झटके बसतात, आणि रिपोर्टही मोघमच येतो.

नस म्हणजे नेमकं काय, आणि तपासण्या दोन

आपल्याकडे रक्तवाहिनीलाही नस म्हणतात, दुखऱ्या स्नायूलाही आणि मज्जातंतूलाही. 'नस दबली' यातली नस म्हणजे मज्जातंतू. मेंदूकडून आणि मणक्यातून निघालेला निरोप स्नायूपर्यंत नेणारी आणि कातडीला झालेला स्पर्श परत वर कळवणारी ही वायर. पायावर फुगून दिसणाऱ्या निळ्या शिरांचा या तपासणीशी काही संबंध नाही. तरी महिन्यातून एखादा तरी माणूस त्याच दाखवत येतो.

एनसीव्हीमध्ये कातडीवरून हलका झटका देऊन मज्जातंतूतून निरोप किती वेगाने आणि किती ताकदीने जातो हे मोजतात. ईएमजीमध्ये स्नायूत बारीक सुई घालून तिथली विद्युत हालचाल ऐकतात. त्या सुईतून करंट सोडत नाहीत, ती फक्त कान लावून बसते. बोलताना दोन्हींना मिळून 'ईएमजी' म्हणायची सवय आहे, म्हणून नंबर लावतानाच विचारून घ्या: फक्त एनसीव्ही आहे की सुईची पण आहे, दोन हात की हात-पाय चारही. पैसे आणि वेळ त्यावर ठरतात. दोन हातांच्या एनसीव्हीला अर्धा तास धरा, चारही हातापायांना पाऊण ते एक तास, आणि सुई असेल तर त्यावर आणखी वीस-तीस मिनिटं. सिव्हिलला दाखवणार असाल तर आधी ओपीडीत डॉक्टरांना भेटून त्यांच्याकडून लिहून घ्या. थेट मशीनपाशी येऊन उपयोग नसतो.

चिठ्ठी आणि तुमची कहाणी

डॉक्टरांना एवढंच विचारा: "तुम्हाला कशाची शंका आहे ते चिठ्ठीवर लिहाल का?" मनगटात नस दबली आहे का, मानेतून येतंय का, शुगरमुळे आहे का. या एका ओळीवर आम्ही कुठले मज्जातंतू तपासायचे ते ठरवतो. अंगात मज्जातंतू भरपूर आहेत, सगळे कुणीच तपासत नाही.

मग घरी निवांत बसून तुमची तक्रार नीट बघा. साधं पेन घ्या आणि जिथे मुंग्या येतात किंवा बधिर वाटतं तेवढा भाग हातावरच रंगवा. हसू नका, फार कामाची गोष्ट आहे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू रंगली, रात्री मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं, तर संशय मनगटातल्या मीडियन मज्जातंतूवर. करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू रंगली तर अल्नरवर, म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या मज्जातंतूवर. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तोच हा. दोन्ही पायांत मोजे घातल्यासारखं बधिर, आणि चालताना चप्पल निसटली तरी कळत नाही, ही तऱ्हा बहुतेक वेळा शुगरची किंवा बी-१२ कमी असल्याची. पाऊलच वर उचलत नाही, बोटं जमिनीला घासतात, असं असेल तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा मज्जातंतू दबलेला असू शकतो. तासन्‌तास मांडी घालून किंवा उकिडवं बसून काम करणाऱ्यांत हे आम्ही बघतो.

अंगावर एखादा चट्टा असून तिथे स्पर्श कळत नसेल तर तो आवर्जून दाखवा. कुष्ठरोगात मज्जातंतू जाड होतात आणि सुरुवात अशीच होते. लाजून लपवलं तर तपासणी भलतीकडेच जाते. त्यावरचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो.

संध्याकाळपर्यंत पापणी खाली येते, बोलता बोलता आवाज बसतो, चावताना जबडा दमतो, अशी तक्रार असेल तर ती वेगळीच गोष्ट. तिथे मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यात बिघाड असू शकतो. त्यासाठी एकाच मज्जातंतूला सेकंदाला दोन-तीन असे ओळीने झटके देतात आणि प्रतिसाद पायरी-पायरीने उतरतो का ते बघतात. ही तपासणी साध्या एनसीव्हीत आपोआप होत नाही, मागावी लागते.

कधी करायची

हे कुणी सांगत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

गाडीवरून पडून हात लुळा पडला आणि तिसऱ्या दिवशी तपासणीला आलात, तर मशीन निम्मंच सांगू शकतं. तुटलेल्या मज्जातंतूचा खालचा तुकडा लगेच मरत नाही. त्यात काही दिवस जीव असतो, आणि तिथे झटका दिला की तो इमानदारीत उत्तर देतो. स्नायूचा प्रतिसाद आठवडाभरात मावळतो, स्पर्शाच्या तंतूंचा दहा-अकरा दिवसांत. सुईत दिसणाऱ्या खुणा उमटायला तर दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून जखमेनंतर साधारण तीन आठवड्यांनी केलेली तपासणी सगळ्यात जास्त बोलते. त्याआधी डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं असेल तर कराच, पण पुन्हा करावी लागेल हे धरून चला. तोंड वाकडं झालेल्यांनाही हाच नियम: दुसऱ्या दिवशीच्या तपासणीपेक्षा आठ-दहा दिवसांनंतरची खरी.

२०२५च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसची, म्हणजे अंगातली प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवर उलटते त्या आजाराची, साथ आली तेव्हा पाय जरा जड वाटले तरी लोक आमच्याकडे येत होते. त्या आजारात पहिल्या आठवड्यात एनसीव्ही जवळजवळ नॉर्मल दिसू शकते. पण पायातली ताकद दोन-चार दिवसांत झपाट्याने कमी होत वर चढत असेल, श्वास किंवा गिळणं जड जात असेल, तर आमच्या नंबरची वाट बघायची नाही. सरळ कॅज्युअल्टी गाठायची. तपासणी नंतरही होते.

घरून निघताना

उपाशी यायचं नाही. पोटभर नाश्ता करून या, रोजच्या गोळ्या घेऊन या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, फक्त आम्हाला सांगा. सुई कुठल्या स्नायूत घालायची आणि कुठे टाळायची हे डॉक्टर ठरवतात. पेसमेकर असेल तर तेही दारातच सांगा. स्तनाच्या ऑपरेशननंतर हात सुजत असेल तर त्या हातात सुई शक्यतो घालत नाहीत. पापणी पडण्याच्या आजाराची गोळी चालू असेल तर ती तपासणीआधी थांबवायची का आणि किती तास, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. स्नायूच्या आजारासाठी सीपीकेची रक्ततपासणी सांगितली असेल तर रक्त आधी द्या, सुई नंतर. सुईने स्नायू दुखावला की तो आकडा थोडा वर जाऊ शकतो आणि उगाच घोळ होतो.

आदल्या रात्रीपासून तेल, क्रीम, बाम काही लावू नका. हात दुखतो म्हणून लोक महिनाभर चोळून चोळून तेल मुरवतात, मग आमच्या पट्ट्या काही केल्या चिकटत नाहीत. स्पिरिटने घासताना पाच मिनिटं जातात आणि कातडी लाल होते ती वेगळीच. मेंदी असली तर चालते. अंगठ्या, घड्याळ, पायातला काळा दोरा घरीच ठेवा. काचेच्या बांगड्या काढायला बायका नाखूश असतात, आणि नव्या नवरीचा चुडा तर आम्हीही काढायला सांगत नाही. कोपराकडे सरकवून वर रुमाल बांधला की भागतं. साडी किंवा सैल सलवार बरी, तंग जीन्स नको. गुडघ्याच्या वरपर्यंत पाय मोकळा लागतो.

आणि हात गरम हवेत. हे मी शिकले ती स्वतःच्या चुकीतून. नवीन होते, दुसऱ्या एका ठिकाणी काम करत होते. डिसेंबरातली सकाळ, मंगळवेढ्याकडून मोटारसायकलवर आलेला तरुण, हात बर्फासारखे. मी तसेच पट्टे लावले. सगळे मज्जातंतू संथ, सगळीकडे सारखेच. रिपोर्टमध्ये 'हातांची न्यूरोपॅथी', म्हणजे मज्जातंतूंचा आजार, असं गेलं आणि पोरगं महिनाभर गोळ्या खात राहिलं. पुढच्या तपासणीला एका मोठ्या डॉक्टरांनी आधी त्याचे हात कोमट पाण्यात बुडवायला लावले. आकडे सरळ झाले. तापमान एक अंशाने उतरलं की वेग सेकंदाला साधारण दोन मीटरने उतरतो, एवढं साधं गणित होतं. तेव्हापासून हाताची कातडी ३२ अंशांच्या वर असल्याशिवाय मी बटण दाबत नाही. हे फक्त थंडीतच होतं असं समजू नका. मे महिन्यात बाहेर ४३ अंश असताना लोक वेटिंगच्या एसीत तासभर बसतात आणि पावलं गार करून आत येतात. शाल किंवा मोजे जवळ ठेवा. आम्ही विसरलो तर "ताई, हात गार आहेत" म्हणायला लाजू नका.

खोलीत काय होतं

पलंगावर झोपवतात. मोबाईल बाजूला ठेवायला लावतात, कारण चार्जरचा आणि फोनचा गोंगाट आमच्या पडद्यावर दिसतो. हाताला ओली पट्टी बांधतात, ती अर्थिंगची. मग त्या अक्कांची गोष्ट सांगते, म्हणजे कळेल.

त्या दिवसभर मांडीवर सूप घेऊन तेंदूची पानं कातरायच्या आणि विड्या वळायच्या. विडीची मजुरी हजार विड्यांमागे असते, त्यामुळे हात थांबला की पैसे थांबले. उजव्या हाताला मुंग्या, रात्री जास्त. मी अंगठ्याच्या मुळाशी गादीसारख्या फुगीर स्नायूवर एक गोल पट्टी लावली, दुसरी अंगठ्याच्या पेरावर. मनगटावर दोन टोकांची दांडी टेकवली आणि बटण दाबलं. झटका एका सेकंदाच्या पाच-दहा हजाराव्या भागाएवढाच असतो, पण टिचकी बसावी तसा जाणवतो. आधी अगदी हलका देतात आणि प्रतिसाद आणखी वाढेनासा होईपर्यंत चढवत नेतात. मग तीच दांडी कोपरापाशी. मग टेप घेऊन दोन खुणांमधलं अंतर मोजायचं. लाखांच्या मशीनशेजारी शिंप्याची टेप बघून लोकांना गंमत वाटते, पण सगळं गणित त्या टेपवर उभं असतं. अंतर २२० मिलिमीटर, कोपरापासूनच्या आणि मनगटापासूनच्या वेळेतला फरक ४ मिलिसेकंद. भागाकार केला की सेकंदाला ५५ मीटर, म्हणजे ताशी १९८ किलोमीटर. आपली वंदे भारत मुंबईला जाताना एवढी पळत नाही. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० साली बेडकाच्या मज्जातंतूवर हाच हिशोब पहिल्यांदा मांडला. तोवर हा निरोप मोजताच येणार नाही इतका झटपट जातो, असं मोठमोठे लोक समजत होते.

म्हणजे अक्कांचा कोपर ते मनगट रस्ता ठीक होता. अडचण पुढे होती. मनगटापासून अंगठ्यापर्यंत त्यांना ५.१ मिलिसेकंद लागत होते. आमच्याकडे साडेचारच्या आत असलं की चालतं. पक्कं करायला अनामिका घेतली. हे बोट मला फार आवडतं, कारण त्याला दोन घरं आहेत: अर्ध्या बाजूला मीडियन, अर्ध्या बाजूला अल्नर. एकाच बोटावर कड्या लावायच्या, सारख्याच अंतरावरून आधी एका मज्जातंतूला झटका द्यायचा, मग दुसऱ्याला. दोघांनी सारख्याच वेळी पोचायला हवं. अक्कांचा मीडियन सव्वा मिलिसेकंद उशिरा आला. अर्ध्या मिलिसेकंदाचा फरकही पुरेसा असतो. मनगटातल्या बोगद्यात नस दबलीय, यात मग शंका राहिली नाही.

पायालाही असंच असतं, फक्त तिथे वेग कमी, सेकंदाला ४० मीटरच्या वर असला की बरा. घोट्याजवळचा झटका हाताच्या झटक्यापेक्षा जास्त चावतो, हे आधीच सांगून ठेवते. तिथे ओळीने दहा-बारा झटके दिले तर घाबरू नका. निरोप उलटा मणक्यापर्यंत जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते बघत असतात. त्याला एफ वेव्ह म्हणतात.

सुई

ही डॉक्टर स्वतः करतात. सुई एकदा वापरून टाकायची असते, पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. टोचताना इंजेक्शनएवढं दुखतं, मग जरा ठसठसतं. आधी स्नायू एकदम ढिला सोडायला सांगतात, आणि इथेच लोक अडतात. सुई आत असताना ढिलं सोडणं अवघड. माझा उपाय असा: ज्या स्नायूत सुई आहे त्याच्या उलट दिशेला हलकं दाबायचं. हात वाकवणाऱ्या स्नायूत सुई असेल तर हात किंचित सरळ करायचा, आतला आपोआप सुटतो.

निरोगी स्नायू आरामात असताना गप्प असतो. मज्जातंतू तुटलेला असेल तर स्पीकरमधून पत्र्यावर पावसाचे थेंब पडल्यासारखी टपटप येते. मग हळूच ताकद लावायची, मग पूर्ण. मज्जातंतूचा आजार असेल तर लाटा मोठ्या आणि मोजक्या दिसतात, कारण उरलेल्या तंतूंनी शेजारच्यांचं काम अंगावर घेतलेलं असतं. स्नायूचाच आजार असेल तर लाटा बुटक्या, आणि थोड्याशा ताकदीलाही त्यांची गर्दी. ताकद लावायला सांगितल्यावर दुखतं म्हणून चोरलीत तर चित्र खोटं निघतं. दुखलं तर थांबवायला सांगा, पण चोरू नका.

नंतर एखादा दिवस ती जागा दुखते, कधी निळी पडते. त्याच दिवशी गाडी चालवता येते, कामावर जाता येतं. जागा लाल होऊन सुजली किंवा रक्त थांबेना तरच दाखवा.

रिपोर्ट वाचताना

तक्त्यात तीन आकडे शोधा. लेटन्सी म्हणजे पोचायला लागलेला वेळ, मिलिसेकंदात. अॅम्प्लिट्यूड म्हणजे प्रतिसादाची उंची, स्नायूच्या तक्त्यात मिलिव्होल्टमध्ये आणि स्पर्शाच्या तक्त्यात मायक्रोव्होल्टमध्ये. आणि वेग. मागावर काम करणाऱ्यांना मी असं सांगते: ताण्याचे धागे कमी झाले की चादर विरळ पडते, आणि माग संथ चालला की चादर उशिरा निघते. उंची घटली तर तंतूच गेलेत, म्हणजे धागे तुटलेत. वेग घटला पण उंची ठीक, तर तंतू आहेत, त्यांच्यावरचं आवरण खराब झालंय. दुसऱ्या प्रकारात सुधारणा सहसा लवकर होते. शुगरवाल्यांत बहुतेक वेळा दोन्ही थोडं थोडं असतं, आणि पोटरीमागच्या सुरल मज्जातंतूची उंची आधी उतरते.

डावा-उजवा ताडून बघा. एका बाजूची उंची दुसरीच्या निम्म्याहून कमी असेल तर दोन्ही आकडे तक्त्यातल्या मर्यादेत असले तरी त्याला अर्थ असतो. सत्तरीच्या माणसाच्या पायात स्पर्शाचा प्रतिसाद थोडा कमी येणं मात्र वयाचं. रिपोर्टच्या तळाशी 'क्लिनिकल कोरिलेशन' असं लिहितात, त्याचा अर्थ एवढाच की तुम्हाला हाताने तपासून मगच डॉक्टरांनी निष्कर्ष काढावा. आम्ही अंगावर आलेली जबाबदारी झटकतोय असं लोकांना वाटतं. कधी कधी तसंही असतं म्हणा.

आता नॉर्मल रिपोर्टचं. तळपायाची आग होते, रात्री पांघरूण सहन होत नाही, आणि एनसीव्ही स्वच्छ. नवरा म्हणतो, "बघ, तुला काही नाही." एनसीव्ही फक्त जाड, झपाट्याने धावणारे तंतू मोजते. आग आणि गरम-थंड कळवणारे तंतू बारीक असतात, ते या मशीनला दिसतच नाहीत. शुगरमध्ये पुष्कळदा आधी तेच बिघडतात. कंबरेतून पायात कळ येणाऱ्यांचंही असंच. मणक्यापाशी मज्जातंतूचं मूळ दबलं तर पायातली स्पर्शाची एनसीव्ही नॉर्मलच येते, कारण त्या तंतूंच्या पेशी दाबाच्या खाली, पायाच्या बाजूला, शाबूत असतात. तिथे सुई बोलते, आणि फक्त कळ असेल, ताकद गेली नसेल तर कधी सुईसुद्धा गप्प राहते. एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसते, पण तीच दुखतेय का हे फोटोवरून कळत नाही. म्हणून काही वेळा दोन्ही करतात. एकाचा रिपोर्ट आहे म्हणून दुसरी टाळायला डॉक्टरांच्या मागे लागू नका, आणि कारण न सांगता दोन्ही लिहून दिल्या तर कारण विचारा.

अक्कांना रात्री मनगटाला पट्टा बांधायला सांगितला होता. सहा महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, जुना रिपोर्ट मात्र आणला नव्हता. तो चुलीच्या वरच्या फळीवर डब्याखाली कागद म्हणून घातला होता म्हणे. मशीनमध्ये सापडला म्हणून बरं, नाहीतर ५.१चे ४.७ झालेत हे आम्हाला कळलंच नसतं.